‘बघा की काका, कसा आलाय?’ म्हटल्यावर काय बोलायचं

कराडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्डाच्या दोन प्रती निघेपर्यंत गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं, "बघा की काका, कसा आलाय?" स्क्रीनवर प्रीतिसंगम, मावळता सूर्य, पाण्यात एक होडी. पूर्वी मी धड न बघताच "कडक!" म्हणायचो. समोरचा खूश, मी मोकळा. कुरिअरवाल्याला आपण सही देतो ना, तशी ती सही असायची. पार्सल उघडून कुणी बघितलेलंच नसायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ही सही चालत नाही. त्या सकाळी दुकानाच्या माळ्यावर आम्ही आठ-नऊ हौशी फोटोवाले बसतो. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब, डोळ्यांचे एक डॉक्टर, दोन मास्तर, एक ऊसवाला, बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी आणि अधूनमधून उगवणारे दोघं-तिघं. प्रत्येकानं तीन फोटो आणायचे, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. कॅमेरा चालवायला आम्ही बऱ्यापैकी लवकर शिकलो. दुसऱ्याच्या फोटोवर बोलायला शिकण्यात पाच-सहा वर्षं गेली, आणि त्या नादात एक माणूस कायमचा तुटला. त्याचं पुढं सांगतो. आधी साहेबांच्या भिंतीचं.

भिंतीवरची रेष

२०१९च्या ऑगस्टात महापूर येऊन गेला, त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. साहेबांनी एक फोटो आणला. नदीकाठचं घर, नीळ घालून चुना मारलेली भिंत, दारात शेंगा फोडत बसलेली म्हातारी. म्हातारीवरचा उजेड असा मऊ की मला हेवाच वाटला. फक्त भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला एक आडवी मातकट रेष होती. मी लगेच हुशारी केली. "साहेब, ती रेष तेवढी पुसून टाका. एडिटमध्ये दोन मिनिटांचं काम."

साहेब म्हणाले, "रेष पुसली तर उरलं काय? पाणी तिथवर आलं होतं."

गेले दोन महिने ते गावोगाव फिरून पुराच्या रेषांचेच फोटो काढत होते. म्हातारी चुकून आली होती.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मला ती रेष खटकली, म्हणजे माझा डोळा तिच्यावर जात होता. साहेबांना तेच तर हवं होतं. "माझा डोळा सारखा त्या रेषेवर जातोय" एवढंच बोलून मी थांबलो असतो, तर साहेबांना तो फोटो पास झाल्याची बातमी मिळाली असती. मी बघितलं बरोबर आणि बोललो चूक. तेव्हापासून माळ्यावर पहिला नियम हाच: फोटो चांगला की वाईट ते नंतर, काय पुसायचं तेही नंतर. आधी तुमचा डोळा कुठं गेला ते सांगा. ते कधी खोटं ठरत नाही, आणि फोटो काढणाऱ्याला ते स्वतःचं स्वतःला कळत नसतं. तो तिथं उभा होता, त्याला ढोल ऐकू येत होते, उन्हाचा चटका बसत होता. आपल्याकडं फक्त चौकट आहे.

बघायला अर्धा मिनिट

बोलण्याआधी बघायचं कशावर, हेही ठरवून घ्या. मोबाइलवर ब्राइटनेस पूर्ण चढवून बघितलेला फोटो नेहमीच उजळ वाटतो आणि प्रिंट काढली की काळवंडतो. दुकानात रोज चार जण माझ्याशी यावरून भांडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो, बारकावे जातात आणि शटर, आयएसओ वगैरे आतली माहितीही जाते. म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून मागवा. टीव्हीवर लावणार असाल तर त्याचा भडक मोड आधी बंद करा. आम्ही बहुतेक वेळा चार बाय सहाची प्रिंटच काढतो. हातात धरता येते, मागं टाचण करता येतं, आणि पुढं सांगणार आहे ती कात्रणांची युक्ती त्याशिवाय जमत नाही.

मग अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही. घड्याळ लावून बघा, अर्धा मिनिट केवढा लांब असतो. पहिल्या दोन सेकंदांत डोळा कुठं पडला ते मनात पकडून ठेवायचं, कारण नंतर ते विसरतं. मग तो कुठं सरकला, कुठं अडकला, कुठून बाहेर पडला. शेवटी शेताला कुंपणाकडेनं चक्कर मारतो तशी चौकटीच्या चारही कडांनी एक चक्कर: कापलेली पावलं, अर्धा हात, कोपऱ्यात घुसलेली कुणाची तरी पांढरी टोपी. नीट कळत नसेल तर डोळे किलकिले करा. चेहरे-कपडे जातात आणि नुसते उजेडाचे, अंधाराचे ठोकळे उरतात. प्रिंट उलटी धरली तरी तसंच होतं. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा आम्हा सगळ्यांना फोटो उलटे धरून बसलेलं बघून परत खाली उतरले होते.

ज्याचा फोटो आहे त्यानं या वेळात तोंड बंद ठेवायचं. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड. "तिथं ना खूप गर्दी होती" ही सुरुवात आली की बाकीचे बघायचं सोडून ऐकायला लागतात.

पालचा भंडारा

एक फोटो सविस्तर सांगतो. पौषात कराड तालुक्यातल्या पालला खंडोबाची यात्रा भरते. खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा होतो. आमच्या बी.एस्सी.वाल्या मुलीनं तिथला फोटो आणला. मुंडासं बांधलेला एक बाप्या दोन्ही हातांनी भंडारा उधळतोय, वर पिवळा लोट, मागं माणसंच माणसं. बाप्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला आणि खांबावर भोंगा.

अर्धा मिनिट झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मला आधी भोंगा दिसला."

मास्तर म्हणाले, "मला हात. मग पिवळं. त्या पिवळ्यात मी जो गेलो तो तिथंच राहिलो. तोंड शोधावं लागलं."

ऊसवाला म्हणाला, "माझ्या तर नाकात गेला भंडारा."

सगळे हसले, पण त्या सकाळी त्या पोरीच्या सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच होतं. फोटो बघून माणसाला शिंक यावीशी वाटली, म्हणजे काहीतरी जमलेलं आहे, आणि ते काय आहे ते धरून ठेवायला पाहिजे.

मग मी विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" हा प्रश्न दुसऱ्या फेरीतच विचारायचा. आधी विचारला तर उत्तर ऐकून सगळ्यांना तेच दिसायला लागतं.

ती म्हणाली, "तोंड. त्यानं डोळे मिटलेत बघा. एवढ्या गोंधळात तो एकटाच असल्यासारखा आहे."

आता वाट मोकळी झाली. मिटलेले डोळे हा फोटो. भोंगा आणि पिवळं या त्याच्या वाटेतल्या अडचणी. भोंग्याचं सोपं आहे. दोन पावलं डावीकडं सरकली असती तर खांब डोक्यातून निघून खांद्याबाहेर गेला असता. हे पुढच्या वर्षीचं काम. पिवळ्याचं आजचं. तिनं मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, चढवलं होतं. स्क्रीनवर पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून होतो. भंडाऱ्यासारख्या भडक पिवळ्यात लाल आधीच काठोकाठ भरलेला असतो. वरून सॅच्युरेशन ढकललं की तो उतू जातो आणि लोटातल्या छटा, मुंडाशाच्या घड्या सगळं ऑइलपेंट मारल्यासारखं सपाट होतं. गंमत म्हणजे साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघितला तर सगळं ठीक दिसू शकतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा उघडला तर लालची भिंत उजव्या कडेला चिकटलेली दिसते. तिनं मूळ फाइल उघडली. घड्या जागेवर होत्या.

पण खरी गोष्ट त्यानंतर निघाली. मी म्हटलं, "आजूबाजूच्या फ्रेम दाखव." लग्नाआधीची सात वर्षं मी एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये होतो. तिथं छत्तीस फोटोंचा रोल एकाच कागदावर बारीक बारीक छापायचो, कॉन्टॅक्ट शीट. मालक त्यावर भिंग फिरवत फिरवत नको त्या फोटोंवर फुली मारत जायचे आणि मला एकच विचारायचे, "ह्यात मी कुठं बघू?" तेव्हापासून मला सवय आहे. एका फोटोवरून माणसानं कॅमेरा कसा धरला ते कळतं, चौदा फोटोंवरून तो विचार कसा करतो ते कळतं. हिनं चौदाच काढले होते. नवव्यात मान थोडी वळलेली, डोळे मिटलेलेच, खांब नाही. भंडारा मात्र मूठभरच. तो तिनं बाजूला टाकला होता, कारण "लोट कमी आला."

म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नव्हती, निवडीची होती. मनात होतं तोंड आणि निवडताना बघितला भंडारा. हे तिला आम्ही सांगितलं नाही. दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या, ती बराच वेळ बघत राहिली आणि स्वतःच म्हणाली.

‘हललाय’ म्हणजे नक्की काय

"शार्प नाही" हा शेरा निम्म्या फोटोंना बसतो आणि त्यातून काहीच कळत नाही, कारण धूसर होण्याची कारणं तीन आणि औषधं तीन. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला, शटरचा वेग वाढवा. झूम जेवढा तेवढा तरी शटरचा आकडा हवा, म्हणजे २५० मिमीला निदान १/२५० सेकंद, आणि आपल्या साध्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १/४०० धरलेला बरा. मागचं झाड स्वच्छ आणि पळणारं पोर पुसट, तर पोर हललं. इथं ट्रायपॉड लावून काही होत नाही, शटरच आणखी वाढवावं लागतं. आणि हरणाचा कान स्वच्छ, मागची काटेरी कुंपणं स्वच्छ, डोळा तेवढा मऊ, तर फोकस चुकला. प्रिंटमध्ये कुठलीतरी एक जागा कडक आहे का ते आधी शोधायचं आणि मग बोलायचं. कासच्या फुलांत तर वाऱ्यानं फूल हललेलं असतं आणि लोक बिचाऱ्याला नवी लेन्स घ्यायला सांगतात.

लेन्सचा विषय निघालाच आहे म्हणून: आमच्याकडं फोटोवर बोलताना "कुठला कॅमेरा?" विचारणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मास्तरांनी आतापर्यंत सगळ्यात जास्त चहा पाजला.

कौतुक अवघड असतं

दोष सांगताना माणूस आपोआप नेमका होतो, कौतुक करताना ढिला पडतो. एकदा त्या मुलीनंच हे तोंडावर सांगितलं. म्हणाली, "काका, ह्या सगळ्यांच्या फोटोवर तुम्ही दहा-दहा मिनिटं बोलता. माझ्यावर ‘छान हं बाळ’ म्हणून पुढं जाता. मला पण शिव्या घाला की." माळ्यावर शांतता पसरली. खरंच होतं. त्या दिवसापासून ‘छान’ म्हटलं की पुढं ‘कारण’ लावायचं ठरलं, आणि कारण फोटोत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. "छान, कारण बैलाच्या शिंगांची कमान आणि मागच्या डोंगराची कमान एकमेकींना लागत नाहीत, मधून आभाळाची चिरी दिसते." असं ऐकलं की फोटो काढणारा पुढच्या वेळी ती चिरी मुद्दाम शोधतो. कारण सापडत नसेल तर "मला आवडला, का ते कळत नाही" म्हणा. तेही चालतं. रोज नको.

दोष एक सांगायचा, फार तर दोन. सात दोष दिसले तरी. त्यातला कुठला? तर ज्याला जे दाखवायचं होतं त्याच्या आड येणारा. पाण्याची रेघ वाकडी आहे हे खरं, पण आजोबांच्या हातावरचा उजेड हाच फोटो असेल तर वाकड्या रेघेनं कुणाचं काही अडलेलं नाही. पुढच्या महिन्यात सांगा. आणि "मी असतो तर" नं सुरू होणारी वाक्यं गिळा. तुम्ही नव्हता.

कात्रणं

आता तुटलेल्या माणसाचं. नवा होता, तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर यायचा. बावधनच्या यात्रेतल्या बगाडाचा त्याचा एक फोटो मला फार आवडला, पण मोकळी जागा जास्त होती, रंग फिके होते. रात्री बसून मी तो कापला, रंग चढवले, काळे-पांढरे नीट केले आणि "हे बघ, काय झालाय!" म्हणून ग्रुपवर टाकला. पंचवीस अंगठे आले. सगळे मला. तो पुन्हा आला नाही. फोन केला तर म्हणाला, "कामं आहेत हो." दोन वर्षं कामं आहेत.

त्याला रंग फिकेच हवे होते का, हे मी विचारलंच नव्हतं. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं १९४१ साली हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि त्या एकाच निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढं कितीतरी वर्षं करत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात फिकट ढग दिसतात, नंतरच्यात आभाळ जवळपास काळं झालेलं आहे. मत बदललं ते त्याचं त्यानं बदललं. दुसऱ्या कुणी रात्रीतून काळं करून दिलं असतं तर?

म्हणून आता फाइलला हात लावायचा नाही. त्याऐवजी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे दोन ‘एल’ कापून ठेवलेत, एका बाजूनं पांढरे, एका बाजूनं अजून ‘श्री गजानन प्रसन्न’. ते चार बाय सहाच्या प्रिंटवर समोरासमोर ठेवले की सरकती चौकट तयार होते. डावीकडून थोडं आत, वरून थोडं खाली. "इथं कापलं तर?" असं तोंडानं विचारायचं, पुठ्ठे सरकवायचे ते फोटोच्या मालकानं. गंमत अशी की दहातल्या सहा वेळा माणूस पुठ्ठे फिरवून फिरवून परत मूळ चौकटीवर येतो, पण आता ती चौकट त्याची झालेली असते. मोबाइलवर बोट ओढून क्रॉप करण्यात हे होत नाही. तिथं कापलेला भाग दिसेनासा होतो. इथं तो पुठ्ठ्याखालून डोकावत असतो.

काही फोटोंवर आम्ही रचनेबद्दल बोलतच नाही. घरट्यातल्या पिल्लांचे, कासला ताटव्यात शिरून काढलेले, नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांचे. तिथं एकच प्रश्न: "उभा कुठं होतास?" उत्तर देताना बहुतेकांना स्वतःच फोटो परत पिशवीत घालावासा वाटतो. स्पर्धांचंही तसंच बाजूला ठेवलंय. सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, परीक्षक काही सेकंद बघून गुण देतात. त्यांच्यापुढं फोटोंचे ढीग असतात, त्यांचा इलाज नाही. आपल्यापुढं तीनच आहेत.

ज्यांना रविवारी यायला जमत नाही त्यांना मी फोनवर सांगतो, पण टाइप करत नाही. लिहिलेलं "इथं गडबड आहे" रात्री अकराला वाचलं तर शिवी वाटते. तेच आवाजात ऐकलं तर कळतं की काका भाकरी खाता खाता बोलतायत. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरतो. आधी डोळा कुठं गेला, मग एक प्रश्न, मग एक कौतुक कारणासकट, मग अडचण असेल तर एक. उत्तर येईपर्यंत पुढचं बोलायचं नाही. आणि रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी फोटो पुन्हा एकदा उघडून बघा. परवा मी साहेबांना दीड मिनिट अगदी मन लावून सांगितलं, आणि तो फोटो डॉक्टरांचा निघाला.